पूर्व आफ्रिकेतील एक शाळा व तिची भाषा

आफ्रिका खंडाचा नकाशा आपण भूगोलाच्या तासाला काढतो. किलिमांजारो पर्वत, व्हिक्टोरिया सरोवर, विषुववृत्ताची रेषा, हे सर्व आपण पेन्सिलीने दाखवितो व त्याबद्दल गुणही मिळवितो. परंतु त्याच सरोवराच्या दक्षिण तीरावर आपल्याच वयाची मुले सकाळी शाळेत जाऊन काय करतात व कोणत्या भाषेत अंक मोजतात, ह्याची माहिती आपणांस क्वचितच असते. ह्या लेखात टांझानिया देशातील लहानशा खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा दिवस कसा जातो, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ही अमुक एका गावची शाळा नव्हे. सुकुमा लोकांच्या मुलखात अशा शाळा पुष्कळ आहेत. दिवसाचे वर्णन करता करता एका प्रश्नाकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. मूल कोणत्या भाषेत शिकते, ह्यावर त्याचे शिकणे किती अवलंबून असते?

आपल्या घड्याळात सकाळचे सात वाजतात, तेव्हा तेथील मुले 'साआ मोजा', म्हणजे 'एक वाजला', असे म्हणतात. ही चूक नव्हे. स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सकाळपासून मोजतात. सहा वाजता दिवस उगवला असे धरून सातला एक व आठला दोन म्हणतात. हा देश विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सूर्योदयाची वेळ वर्षभर फारशी बदलत नाही, म्हणून ही रीत तेथे सोयीची पडते. आपल्याकडेही पंचांगात घटिका सूर्योदयापासूनच मोजीत, हे वडील मंडळींस आठवत असेल.

तर 'एक' वाजण्याच्या सुमारास मुले पायवाटांनी शाळेकडे येऊ लागतात. पांढरा सदरा व निळी चड्डी किंवा निळा झगा हा बहुतेक शाळांचा पोशाख होय. कोणाच्या हाती काटक्यांचा खराटा असतो, कोणाच्या डोक्यावर पाण्याची बादली असते. जेथे नळ नाही तेथे शाळेचे पाणी मुलेच आणतात. आवार झाडून होते, फुलझाडांस पाणी घातले जाते. झाडाच्या फांदीस मोटारीच्या जुन्या चाकाचा लोखंडी रिम टांगलेला असतो. त्यावर लोखंडाच्या तुकड्याने ठोके पडले की घंटा झाली असे समजावे. मुले रांगा धरून उभी राहतात, नखे व कपडे तपासले जातात, राष्ट्रगीत होते.

शिक्षक समोर येताच मुले 'शिकामो, म्वालिमू' असे म्हणतात. 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी. 'शिकामो' ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'आपले पाय धरतो' असा सांगतात. आपल्याकडे वडिलांस 'पाया पडतो' म्हणतात, त्याच्याशी हे किती जुळते! गुरुजी 'मराहाबा' असे उत्तर देऊन त्या नमस्काराचा स्वीकार करतात, व मग वर्ग सुरू होतात.

पहिल्या वर्गात गर्दी फार. २००१ साली सरकारने प्राथमिक शाळांची फी बंद केली, तेव्हापासून शाळेत येणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने वाढली. त्या मानाने खोल्या, बाके व शिक्षक वाढले नाहीत. दोघांच्या बाकावर तिघे चौघे दाटीवाटीने बसतात. ह्या वर्गात मुख्यतः तीन गोष्टी शिकवितात : 'कुसोमा, कुआंदिका, कुहेसाबु', म्हणजे वाचणे, लिहिणे व मोजणे. तिन्ही शब्द 'क' पासून सुरू होतात, म्हणून ह्यांस 'तीन क' म्हटले तरी चालेल. मोजण्यासाठी मुले काटक्या, बिया किंवा सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे घरून आणतात. दहा बुचांचा एक ढीग व शेजारी एक सुटे बूच ठेवले की मुले म्हणतात, 'कुमी ना मोजा', म्हणजे दहा आणि एक. दोन ढीग व एक सुटे असेल तर 'इशिरिनी ना मोजा', वीस आणि एक. जसा ढीग दिसतो तसाच अंक उच्चारला जातो. आपल्याकडे एकोणसत्तर व एकोणऐंशी ह्यांत घोटाळा न झालेला विद्यार्थी विरळाच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला, हे पालकांच्या स्मरणात असेल. स्वाहिली मुलास ही अडचण पडत नाही. तेथे भाषाच गणितास साहाय्य करते.

त्यानंतर स्वाहिली भाषेचा तास. फळ्यावर शब्द लिहिला जातो, 'किताबु'. हा मूळचा अरबी 'किताब' होय. परंतु स्वाहिली व्याकरणात 'कि' हा एका वर्गातील एकवचनी नामांचा उपसर्ग आहे व 'वि' हा त्याच वर्गातील अनेकवचनाचा. त्यामुळे परक्या शब्दातील 'कि' लोकांस आपलाच वाटला व त्यांनी अनेकवचन केले 'विताबु'. पुढे विशेषणही त्याच चालीवर चालते : 'किताबु किझुरी' म्हणजे चांगले पुस्तक, 'विताबु विझुरी' म्हणजे चांगली पुस्तके. आपण विशेषणाचा शेवट बदलतो, ते आरंभ बदलतात. आपल्या ओळखीचे आणखीही शब्द ह्या भाषेत भेटतात : कलामु, हेसाबु, रांगी, गारी, दुका, चपाती, लाकी, बिमा. कलम, हिशेब, रंग, गाडी, दुकान, चपाती, लाख, विमा, असे त्यांचे अर्थ आपण न सांगताच ओळखाल. शेकडो वर्षे अरबस्तान, हिंदुस्थान व आफ्रिका ह्यांच्या किनाऱ्यांमध्ये गलबतांनी जो व्यापार चालला, त्याची ही खूण होय.

ही भाषा शाळेत कशी आली, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पूर्वी ती अरबी लिपीत लिहीत. जर्मन मिशनरी योहान क्राप्फ हे १८४४ साली मोंबासा येथे उतरले. त्यांचे स्वाहिली व्याकरण १८५० साली व शब्दकोश १८८२ साली प्रसिद्ध झाला. झांझिबार येथे एडवर्ड स्टीअर ह्यांनी हेच कार्य पुढे नेले. ह्या लोकांच्या पुस्तकांत व शाळांत स्वाहिली रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली. त्याच किनाऱ्यावरील एक गोष्ट आपल्या प्रांताशी निगडित आहे. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईस आणीत. त्यांपैकी कित्येक नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनमध्ये वाढली व शिकली. त्यांतील विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे १८६४ साली मोंबासाजवळच्या रबाई येथील मिशनच्या कामास गेले. गोदावरीकाठी अक्षरे गिरविलेले विद्यार्थी आफ्रिकेत जाऊन इतरांस शिकवू लागले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मधल्या सुटीत ज्या शाळांत पालक धान्य आणून देतात तेथे 'उजी', म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ पेज, मिळते. जेथे ही सोय नाही तेथे दूरची मुले संध्याकाळपर्यंत उपाशी राहतात, हेही सांगितले पाहिजे. सुटीत मुलगे चिंध्या व प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने घट्ट बांधून केलेल्या चेंडूने फुटबॉल खेळतात. मुली दोरीवरून उड्या मारतात. पुष्कळ शाळांस स्वतःचे शेत असते. त्यात मका, रताळी किंवा भाजी लावतात व वरच्या वर्गांतील मुले कुदळ घेऊन खपतात.

ह्या शेताच्या मुळाशी एक विचार आहे. देशाचे पहिले अध्यक्ष जूलियस न्येरेरे हे स्वतः शिक्षक होते. लोक त्यांस अखेरपर्यंत 'म्वालिमू' म्हणत. १९६७ साली त्यांनी 'स्वावलंबनासाठी शिक्षण' ह्या विषयावर एक पत्रक लिहिले. प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या फार थोड्या मुलांस पुढील शाळेत जागा मिळते, म्हणून प्राथमिक शिक्षण स्वतःच पुरे असावे, व शेतकऱ्याच्या मुलास शेतीची लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी प्राथमिक शाळांचे माध्यम स्वाहिली झाले. आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम व हस्तव्यवसाय ही त्रिसूत्री मांडली होती; तिच्याशी हे ताडून पाहावे. मात्र जेथे शेतावर मुले नुसतीच राबतात व पेरणीचा हिशेब वर्गात येत नाही, तेथे ते शिक्षण न राहता मजुरी होते, हाही तेथील अनुभव आहे.

आता सर्वांत वरच्या, म्हणजे सातव्या वर्गात जाऊ. विज्ञानाचा तास आहे. पान अन्न कसे तयार करते, हे शिक्षक सांगत आहेत. शब्द आहे 'उसानिसिनुरु'. 'उसानिसि' म्हणजे संश्लेषण व 'नुरु' म्हणजे प्रकाश. आपला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द ह्याच रीतीने घडला आहे. शब्द नवा असला तरी समजावणी कळणाऱ्या भाषेत आहे. म्हणून एखादी मुलगी उठून विचारू शकते, 'मग रात्री झाड काय करते?' तिला प्रश्न सुचला, व तो विचारण्यास तिच्याजवळ शब्द होते. शिकण्यात ह्याहून मोलाचा क्षण कोणता? इंग्रजी ही तेथे एक विषय म्हणून शिकवितात.

ह्या वर्गाच्या अखेरीस सरकारी परीक्षा होते. २०१६ पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या चार वर्षांचीही फी नाही, म्हणून पूर्वीपेक्षा अधिक मुले पुढे जातात. परंतु तेथे पाऊल टाकताच सर्व विषय इंग्रजीत सुरू होतात. काल प्रश्न विचारणारी मुलगी आज खाली मान घालून फळ्यावरचे वाक्य वहीत उतरविते. तिची बुद्धी एका सुटीत कमी झाली नाही. तिचे शब्द तेवढे काढून घेतले गेले. अनेक शिक्षक तिची स्थिती ओळखून स्वाहिलीत समजावून सांगतात, परंतु परीक्षेत उत्तर इंग्रजीतच लिहावे लागते.

ह्यावर उपाय काय, ह्याविषयी त्या देशात मोठा मतभेद आहे. इंग्रजीवाचून वरची पुस्तके, परदेशाशी व्यवहार व चांगली नोकरी साधत नाही, असे अनेक पालक म्हणतात. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, इंग्रजी उत्तम शिकवावी, परंतु गणित व विज्ञान कळणाऱ्या भाषेत असावे. न्येरेरे ह्यांनी शेक्सपिअरची 'जूलियस सीझर' व 'मर्चंट ऑफ व्हेनिस' ही नाटके स्वाहिलीत आणून त्या भाषेचे सामर्थ्य दाखविले होते. तरीही त्यांच्या कारकिर्दीत माध्यमिक शाळांत इंग्रजीच राहिली. २०१४ च्या शिक्षणधोरणात वरच्या शिक्षणासही स्वाहिलीचे दार उघडण्याचा विचार मांडला गेला. २०२३ साली सुधारलेल्या धोरणात माध्यमिक शाळांचे माध्यम इंग्रजीच ठेविले आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या देशात १२० हून अधिक भाषा आहेत. सुकुमा मूल घरी सुकुमा भाषा बोलते. स्वाहिली ही त्याची शाळेत पक्की झालेली भाषा होय. स्वतः न्येरेरे ह्यांची मातृभाषा झानाकी होती. म्हणजे पहिल्या दिवशी शाळेत येणाऱ्या लहान मुलास स्वाहिलीही थोडी परकीच असते, व सुकुमा जाणणारे शिक्षक भेटले तरच त्याची भीती लवकर मोडते. आपल्या भिल्ल, गोंड व कोरकू मुलांस पहिलीच्या वर्गातील मराठी अशीच वाटत असेल. मराठीच्या कैवाराने बोलताना ह्या मुलांचाही विचार आपण केला पाहिजे.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपले मूल मराठी शाळेत असो वा इंग्रजी, आज रात्री जेवणानंतर त्याला जवळ बसवून आजचा एक धडा घरच्या भाषेत सांगावयास लावावे. ते सांगू लागले, अडखळले, व 'पण असे का होते?' म्हणून त्याने उलट विचारले, तर त्याचे शिक्षण नीट चालले आहे असे समजावे. त्याने जर पुस्तकातील वाक्येच घडाघडा म्हणून दाखविली, तर गुण कितीही असोत, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्याच्या शिक्षकांशी बोलावे. विद्यार्थी मित्रांनीही वर्गात न कळलेला शब्द मुकाट्याने उतरवून घेऊ नये. हात वर करून त्याचा अर्थ विचारावा. सरोवराकाठच्या त्या मुलीस रात्रीच्या झाडाविषयी जे विचारता आले, ते आपणांसही विचारता यावे.