विहिरीत पावडर किती टाकायची?

पावसाळा लागला की अजिंठ्याच्या डोंगरावरून पाणी खाली धावतं. आमच्या सोयगावाकडे ते गढूळ पाणी विहिरींत शिरतं. मग जुलाब सुरू होतात, लेकरांचे डोळे खोल जातात. ग्रामपंचायत विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकते. पण किती? पुष्कळदा अंदाजानेच! कमी पडली तर जंतू जगतात. जास्त झाली तर पाण्याला वास येतो, आणि बाया पुन्हा ओढ्यावर जातात.

हा अंदाज नको म्हणून फौजेच्या डॉक्टरांनी डोकं चालवलं. 1899 ते 1902 या काळात इंग्रज दक्षिण आफ्रिकेत लढले. तिथे गोळीपेक्षा आजाराने जास्त शिपाई मेले. त्यांत टायफॉईड आणि हगवण पुढे होती. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विल्यम हॉरॉक्स या लष्करी डॉक्टरने पाणी तपासायची सोपी रीत काढली.

एक काळा पेला घ्यायचा आणि सहा पांढरे. काळ्यात 2 ग्रॅम पावडर पाण्यात कालवायची. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी भरायचं. काळ्यातलं निवळ पाणी पहिल्या पेल्यात 1 थेंब, दुसऱ्यात 2, असं सहाव्यात 6 थेंब टाकायचं. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात तपासणीच्या औषधाचे 3 थेंब टाकायचे. ज्या पेल्यात औषध उरलं असेल, तिथे पाणी निळं होतं. बाकीच्यांत घाणीने सगळं औषध खाल्लेलं असतं. गढूळ पाणी जास्त खातं, हे ध्यानात घ्या.

समजा, तिसरा पेला पहिल्यांदा निळा झाला. तीन दुणे सहा. म्हणजे 455 लिटर पाण्याला 6 ग्रॅम पावडर.

आता विहीर मोजू. रुंदी 3 मीटर, पाणी 4 मीटर खोल. रुंदीला रुंदीने गुणा, मग खोलीने, मग 3.14 ने. आलेल्या आकड्याला 4 ने भागा. 28.26 घनमीटर, म्हणजे 28,260 लिटर. त्याला पावडर सुमारे 373 ग्रॅम. शाळेतला हिशेब इथे कामाला येतो बघा!

पावडर कोरडी फेकू नये. एका बादलीत 100 ग्रॅमच्या वर घेऊ नये. पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवावी. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावं. खालचा चुना टाकून द्यावा, विहिरीत नाही. ती बादली दोराने विहिरीत बुडवून खालीवर हलवावी. हे काम रात्री करावं आणि पाणी सकाळी भरावं. निदान एक तास तरी जाऊ द्यावा.

पावडरीचा डबा झाकून, कोरड्या जागी ठेवा. उघड्या डब्यातली पावडर नावालाच पावडर राहते.