पाण्याने पेटलेली जहाजे

तेल वाहून नेणाऱ्या जहाजाने आपला माल बंदरात उतरवला, की परतीच्या वाटेवर त्याच्या टाक्या धुतल्या जातात. तळाला व भिंतींना चिकटलेले तेल निघून जावे म्हणून आत पाण्याचे जोरदार फवारे सोडतात. पाणी तर आगीचे वैरी. तेव्हा या कामात आगीचे भय कोणास वाटावे?

१९६९ च्या डिसेंबर महिन्यात मात्र विपरीत घडले. ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘कोंग हाकोन सातवा’ ही ३ प्रचंड तेलवाहू जहाजे आफ्रिकेच्या आसपासच्या समुद्रांत, ३ आठवड्यांच्या आत, एकामागून एक स्फोटांनी हादरली. प्रत्येक जहाज २ लाख टनांहून अधिक भार वाहणारे आणि नव्या बांधणीचे. ‘मार्पेसा’ला तर डाकार बंदरापासून काही अंतरावर जलसमाधी मिळाली. तिन्ही जहाजांवर त्या वेळी टाक्या धुण्याचेच काम चालू होते. मग ठिणगी आली कोठून?

कोरड्या केसांतून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे टुणकन उडी मारून त्यास चिकटतात. दोन पदार्थ एकमेकांस घासून वेगळे झाले, की एकावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युत्भार उरतो. तो वाहून न जाता जागच्या जागी साचतो, म्हणून त्यास स्थिर विद्युत म्हणतात. वेगाने आदळून फुटणाऱ्या पाण्यातही हेच घडते. टाकीभर भारित तुषारांचे धुके पसरते. त्या धुक्यातून पडणारा पाण्याचा मोठा लोट लोखंडाजवळ पोचला, की सूक्ष्म ठिणगी उडू शकते. पुष्कळ संशोधनानंतर तज्ज्ञांनी या स्फोटांचे हेच कारण अधिक संभवनीय मानले. तेलाची वाफ व हवा यांचे मिश्रण टाकीत आधीच होते. त्यास पेटण्यासाठी हाताला जाणवणारही नाही एवढी ठिणगी पुरते.

ठिणगी उडूच न देणे इतक्या मोठ्या टाकीत कठीण. म्हणून टाकीतील प्राणवायूच कमी करण्याचा मार्ग पुढे रूढ झाला. जहाजाच्या बॉयलरमधून निघणारा धूर पाण्याने धुऊन, थंड करून टाक्यांत भरतात. साध्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो टाकीत ८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. एवढ्याने वाफ पेट घेत नाही. ज्या धुराला सारे नावे ठेवतात, तोच येथे राखणदार झाला!

जमिनीवरील उपाय याहून साधा आहे. नळीतून धावणारे पेट्रोलही विद्युत्भार गोळा करते. म्हणून पेट्रोलचा टँकर भरताना किंवा रिकामा करताना कामगार प्रथम जमिनीत पुरलेल्या तारेचा चिमटा टँकरला लावतो. नळी त्यानंतर जोडतो. चिमटा रंगावर किंवा गंजावर बसला तर तो असून नसून सारखाच. त्यास उघडा धातू लागतो. टँकर भरताना नळीचे तोंड पेट्रोलात बुडेपर्यंत प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरहून अधिक ठेवीत नाहीत, कारण उंचावरून उसळत पडणारे पेट्रोल अधिक भारित होते. टाकी भरल्यावरही खोली मोजण्याची पट्टी लगेच आत घालीत नाहीत. पट्टी हाती घेऊन कामगार काही मिनिटे नुसता उभा राहतो. पेट्रोलातून वीज सहजी वाहत नाही. त्यात साचलेला भार टाकीच्या भिंतीपर्यंत पोचून तारेवाटे जमिनीत उतरण्यास तेवढा अवधी लागतो.