राखेतील साचे
(वाचन : गलती. 6:1-10)

पुष्कळ दिवस उपदेश करूनही कोणी कान देत नाही, असे झाले म्हणजे सेवकाचे मन खचते. अशा समयी विल्यम केरी यांचे चरित्र आम्हांस बोधप्रद वाटते. ते 1793 साली बंगाल्यात आले. पुढल्याच वर्षी त्यांचा लहानगा पुत्र पीटर मरण पावला. पहिला बंगाली विश्वासणारा, कृष्ण पाल नावाचा सुतार, याचा बाप्तिस्मा 1800 सालच्या डिसेंबरात झाला. तोवर सात वर्षे लोटली होती. ज्या श्रीरामपूरच्या छापखान्यात 1805 साली केरीकृत मराठी व्याकरण छापले, तो 11 मार्च 1812 रोजी जळाला. टाइप वितळले, हस्तलिखिते भस्म झाली. तथापि अक्षरांचे ठसे व साचे राखेत शाबूत सापडले. त्याच वितळलेल्या धातूचे नवे टाइप ओतले गेले, व भाषांतर पुनः आरंभिले.

प्रिय बंधुभगिनींनो, पीक यथाकाळी येईल असे पौल सांगतो; तो काळ कोणता, हे सांगत नाही. तो ठरविणे आपले काम नव्हे; न थकणे हे मात्र आपले आहे. प्रार्थनेस उघडे राहिलेले एक घर, वचन पाठ करणारे एक लेकरू, हेच आपले उरलेले साचे होत. तेथूनच पुनः आरंभ करू या.