ढाब्यावरचा नेपाळी आचारी

प्रश्न : शहापूरजवळ महामार्गावर माझा ढाबा आहे. लग्नसराईपुरते नेपाळचे दोन आचारी ठेवतोय. ते परदेशी, म्हणून काही परवाना लागेल का?
– एक ढाबामालक, शहापूर (जि. भंडारा)

उत्तर : नाही. १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळी नागरिकाला इथे राहायला, काम करायला व्हिसा वा वर्क परमिट लागत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या नियमांतही तो भारतीय कामगारच धरला जातो. इतर देशांच्या माणसांना मात्र ही सवलत नाही (भूतानचा अपवाद), त्यामुळे ‘नेपाळचा आहे’ या शब्दावर जाऊ नका. नागरिकता प्रमाणपत्र बघा, झेरॉक्स ठेवा, मूळ कागद परत द्या. ‘पळून जाऊ नये म्हणून’ कागद गल्ल्यात कोंडून ठेवणारे मालक मी पाहिलेत. तो तुमचा अधिकार नव्हे.

खरा प्रश्न पगाराचा. ‘जेवण-राहणं आमच्याकडे’ म्हणून किमान वेतनाखाली जाता येत नाही. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, जादा कामाला दुप्पट दर, आणि माणूस काम सोडून निघाला की दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब. गावी जाणाऱ्याला ‘दिवाळीनंतर ये, देतो’ चालणार नाही. उचल दिली असेल तर वहीत लिहून त्याची सही घ्या.

एकूण माणसं वीस झाली, तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी करा. आणि आचाऱ्यासोबत बारा-तेरा वर्षांचा भाचा आला, तर त्याला ताटं उचलायलाही लावू नका. चौदाखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे.