गणिताचे पुस्तक बदलण्याआधी

घरी शिकणारे किशोरवयीन मूल गणितात मागे पडू लागले की पालकांना पहिला उपाय सुचतो तो अभ्यासक्रम बदलण्याचा. या बदलाचे तीन प्रकार आहेत. पहिला पुस्तकाचा, दुसरा माध्यमाचा आणि तिसरा मंडळाचा, म्हणजे बोर्डाचा. पुस्तक बदलले तर थोडे पैसे जातात, माध्यम बदलले तर काही महिने जातात, आणि मंडळ बदलले तर परीक्षा, प्रमाणपत्र, पुढचा प्रवेश असे सगळेच बदलते. तिन्हींचा विचार वेगवेगळा करावा लागतो. शिकवणीचे कोर्स विकणारे मात्र तिन्हींची एकच मोट बांधतात आणि पालक घाबरलेले असताना ती त्यांच्या गळ्यात मारतात.

नंदुरबार जिल्ह्यात हौसेने घरी शिकवणारी कुटुंबे थोडी आहेत. मूल घरी राहते ते बहुधा नाइलाजाने. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून माध्यमिक शाळा लांब पडते, ऊसतोडीसाठी आईबाप गुजरातकडे गेले की वर्ष अर्ध्यात तुटते, आणि दुखणे असेल तर शाळा आपोआप सुटते. जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात दुखण्याची लाट आली की मूल आठवडा-आठवडा अंथरुणावर असते. गणितात हा आठवडा महागात पडतो. इतिहासाचा बुडलेला धडा नंतर वाचून काढता येतो, पण अपूर्णांकांची बेरीज बुडाली तर पुढची पाच वर्षे ती पावलोपावली आडवी येते.

प्रस्तुत लेखिकेच्या शहाद्यातल्या घरी हेच घडले. सिकलसेलच्या त्रासामुळे मुलीची शाळा आठवीत सुटली. नववीचे बीजगणित घरी सुरू झाल्यावर गाडी अडली. ओळखीतून एका खासगी ऑनलाइन शिकवणी कंपनीचा प्रतिनिधी घरी आला. तो स्वतःला समुपदेशक म्हणवत होता. त्याने मुलीला टॅबवर एक चाचणी दिली. चाचणी संपायच्या आधीच निदान तयार होते: ‘स्टेट बोर्डाचा पाया कच्चा असतो, सीबीएसई पॅटर्नवर घ्या.’ लेखिकेने त्याच बैठकीत विचारले होते, ‘भाऊ, पण परीक्षा कुठल्या बोर्डाची द्यायची?’ उत्तर मिळाले, ‘ताई, मॅथ सगळीकडे सेमच असतं.’ चाचणीत नेमके काय चुकले ते कागदावर मागितले, तेव्हा ‘रिपोर्ट मेलवर येईल’ असे सांगण्यात आले. तो कधीच आला नाही.

गणित सगळीकडे सारखे असते हे खरे, परीक्षा सारख्या नसतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीत गणिताच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. भाग १ बीजगणिताचा आणि भाग २ भूमितीचा, प्रत्येकी ४० गुणांची. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. सीबीएसईत ८० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते. २०२० च्या परीक्षेपासून तिथे ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन पातळ्या आल्या. अभ्यासक्रम दोन्हींचा एकच, काठिण्य वेगळे. राज्य मंडळाच्या दहावीत जीएसटी, शेअर आणि म्युच्युअल फंड शिकवणारे ‘अर्थनियोजन’ हे अख्खे प्रकरण आहे, सीबीएसईच्या दहावीत तसे प्रकरण नाही. म्हणजे एका मंडळाची परीक्षा द्यायची आणि दुसऱ्याच्या क्रमाने शिकायचे ठरवले, तर काही प्रकरणे नुसती वाचून होतात आणि काही शेवटपर्यंत राहूनच जातात.

याहून मोठी अडचण पात्रतेची. राज्य मंडळाच्या दहावीला घरी शिकणारे मूल १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसू शकते. नंदुरबार जिल्हा त्यासाठी नाशिक विभागीय मंडळाखाली येतो. सीबीएसईच्या दहावीला बसायचे तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचे नाव संलग्न शाळेत असावे लागते. १७ नंबरसारखी सोय तिथे नाही. तेव्हा घरी बसून ‘सीबीएसई पॅटर्न’ शिकलेल्या मुलीला अखेर राज्य मंडळाचीच परीक्षा द्यायची होती. त्या प्रतिनिधीला हे ठाऊक नव्हते की ठाऊक असून त्याने सांगितले नाही, हा प्रश्न गौण आहे. ज्याला हे माहीत नाही त्याने समुपदेशक म्हणून कुणाच्या ओसरीवर बसू नये.

कंपनीचा कोर्स अखेर घेतला गेला होता. दोष खरा कुठे होता ते त्याच कोर्सच्या एका उदाहरणात दिसले. उदाहरण असे होते: क्ष/२ + क्ष/३ = १०. मुलीने लिहिले, २क्ष/५ = १०, म्हणून २क्ष = ५०, म्हणून क्ष = २५. बरोबर उत्तर १२. टॅबने लाल फुली मारली आणि समीकरणांचा तोच व्हिडिओ पुन्हा पाहायला सांगितला. पण समीकरण सोडवण्यात तिची काहीच चूक नव्हती. छेद पलीकडे नेला तो बरोबर, दोनने भागले तेही बरोबर. चूक पहिल्याच पायरीत होती: अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. जुन्या शाळेच्या सहावीच्या वहीत शोधले तर १/२ + १/३ = २/५ हेच तिथेही सापडले, आणि त्यावर बाईंची बरोबरची खूण होती. पुस्तक बदलले, माध्यम बदलले, पडद्यावर शिकवणारा माणूस बदलला, चूक मात्र सहावीपासून तीच. कंपनीकडे हे उदाहरण पाठवले तेव्हा उत्तर आले, ‘मॉड्यूल पूर्ण करा, आपोआप सुधारेल.’ त्या आठवड्याच्या प्रगती अहवालात शेरा होता ‘उत्तम’, कारण व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले गेले होते.

म्हणून अभ्यासक्रमाचा निर्णय घेण्याआधी मूल कुठल्या इयत्तेत अडकले आहे ते शोधावे. त्याची रीत साधी आहे. बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तके घ्यावीत. पूर्ण संख्यांच्या चार क्रिया, अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, गुणोत्तर व शेकडेवारी, एका चलातील समीकरण आणि शाब्दिक उदाहरणे अशा क्रमाने जावे. प्रत्येक घटकातली पाच उदाहरणे सरावसंचातून द्यावीत. घड्याळ लावू नये, डायजेस्ट जवळ ठेवू नये आणि मध्येच चूक दाखवू नये. मुलाला सोडवता सोडवता मोठ्याने बोलायला सांगावे. हातचा विसरला तर ती नजरचूक, तीच चूक तीन उदाहरणांत आली तर ती समजेतली चूक. पाचातली तीन चुकली की त्या घटकापाशी थांबावे आणि एक इयत्ता खाली उतरावे. मूल सहजपणे उदाहरणे सोडवू लागेल तिथून शिकवायला सुरुवात करावी. नववीतल्या मुलीला सहावीचे पुस्तक देण्यात कमीपणा नाही. कमीपणा वाटतो तो बहुधा पालकांना आणि शेजाऱ्यांना.

अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांना गणिताची पुस्तके विकणारे कित्येक प्रकाशक आधी पातळी ठरवणारी चाचणी फुकट देतात, आणि तिच्या निकालावरून खालच्या पातळीचे पुस्तक घेण्याचा सल्लाही देतात. इथल्या चाचणीचा निकाल कायम सगळ्यात महागडे पॅकेज घ्या असाच लागतो.

भाषेची तपासणी वेगळी करावी. घरात अहिराणी, पावरी, मावची किंवा गुजराती बोलली जाते, पुस्तक प्रमाण मराठीत असते, आणि सेमी इंग्रजी घेतले असेल तर गणित इंग्रजीत. शाब्दिक उदाहरण मुलाला वाचायला लावावे आणि घरच्या बोलीत सांगायला सांगावे. सांगता आले आणि मग सोडवताही आले, तर अडचण गणिताची नाही, माध्यमाची आहे. अशा वेळी सेमी सोडून त्याच मंडळाचे मराठी पुस्तक घेणे हा सगळ्यात स्वस्त बदल. प्रकरणे तीच, परीक्षेचा आराखडा तोच. पुस्तकातला बाजार परका वाटत असेल तर उदाहरण गावातले घ्यावे. नंदुरबारच्या पथारीवर १०० किलो ओली मिरची वाळून २५ किलो उरली, तर घट शेकडा किती? लेखिकेच्या मुलीने आधी २५ सांगितले. नंतर स्वतःच म्हणाली, ‘पंचवीस तर उरली ना, घटली पंचाहत्तर.’ हेच उदाहरण कंपनीच्या कोर्समध्ये सफरचंदांच्या पेट्यांचे होते आणि ते तिला सुटले नव्हते.

दोष सापडल्यावर शिकवणाऱ्याचा प्रश्न येतो. व्हिडिओ माहिती देतो, पण वहीत डोकावत नाही. अडखळणाऱ्या मुलाला वही बघणारा माणूस लागतो. गावातले निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक हा यावरचा चांगला उपाय आहे. लेखिकेच्या मुलीला अशाच एका गुरुजींनी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. एकीचे दोन आणि दुसरीचे तीन भाग करून दोन्हींतला एकेक तुकडा शेजारी ठेवायला सांगितले. त्या तुकड्यांची लांबी पट्टीच्या २/५ आहे का, हे तिचे तिनेच मोजले. २/५ म्हणजे अर्ध्याहून कमी, आणि अर्धा तुकडा तर समोरच पडलेला! लसावि का घ्यायचा हे त्यानंतर समजावावे लागले नाही. गुरुजींनी फी घेतली नाही.

अभ्यासक्रम बदलणे योग्य ठरते अशा वेळाही आहेत. तपासणीत पाया पक्का निघाला आणि तरीही एखाद्या पुस्तकाची मांडणी मुलाला पेलत नसेल, तर पुस्तक बदलावे. दुखणे वारंवार उलटत असेल आणि सगळे विषय एका दमात देणे अवघड असेल, तर मंडळाचा विचार करावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, दहावीच्या पातळीला वयाच्या १४ व्या वर्षापासून प्रवेश देते. नोंदणी पाच वर्षे चालते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून देता येतात. तिथे गणित सक्तीचे नाही. मात्र गणित सोडण्याआधी अकरावी विज्ञान, पॉलिटेक्निक, आयटीआयचे तांत्रिक ट्रेड आणि स्पर्धा परीक्षा यांचा विचार करावा. सुटका म्हणून सोडलेला विषय पुढे प्रवेशाच्या रांगेत पुन्हा भेटतो. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही पाचवी आणि आठवीच्या पातळीवर परीक्षा घेते.

राज्य मंडळातच राहायचे असेल तर दिव्यांगांच्या सवलतींची चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्राचे काम जिल्हा रुग्णालयातून होते आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा ते परीक्षेच्या वर्षावर ढकलू नये. ही माहिती लेखिकेला शाळेने दिली नाही, कंपनीनेही नाही. रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका आईने दिली. दहावीत गणित राहिलेच तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. एका अपयशाने वर्ष बुडतेच असे नाही.

काही वेळा बदल टाळलेलाच बरा. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर असताना, नातेवाइकाच्या मुलाला अमुक कोर्स लागू पडला म्हणून, किंवा ‘आज भरले तर सूट’ असे कुणी म्हणाले म्हणून मंडळ बदलू नये. मुलावर चिडू नये, त्याची इतरांशी तुलना करू नये, रोज थोडा सराव घ्यावा, झोप आणि पाणी सांभाळावे. दुखण्याच्या दिवसांत गणित बंद ठेवले तरी चालते. फक्त कुठे थांबलो ते वहीत लिहून ठेवावे.

पैशाच्या बाबतीत सावधगिरी हवीच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑनलाइन शिकवणी कंपन्यांबाबत पालकांसाठी सूचना काढल्या. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याच्या संमतीबद्दल आणि न सांगता गळ्यात पडणाऱ्या कर्जाबद्दल त्यांत इशारा होता. प्रत्यक्षात होते ते असे: ‘हप्ते’ म्हणून सही घेतली जाते ती कंपनीच्या फीसाठी वाटते, पण असते एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जावर. कोर्स बंद केला तरी कर्ज चालू राहते, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पैसे घेईपर्यंत रोज फोन करणारा भाऊ नंतर फोन उचलत नाही. सही करण्याआधी कागदावर कुणाचे नाव आहे ते वाचावे, रद्द करण्याची मुदत लेखी घ्यावी आणि तोंडी आश्वासने मेसेजवर लिहून मागावीत. जो लिहून देत नाही त्याला दारातूनच परत पाठवावे. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

क्रम एवढाच ठेवावा: आधी तपासणी, मग राहिलेला भाग भरून काढणे, मग गरज असेल तर पुस्तक किंवा माध्यम, आणि मंडळ सगळ्यात शेवटी. पहिल्या पायरीला पैसे लागत नाहीत. पाचवीपासूनची गणिताची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात.