क्रोनोग्राफच्या जाडीची कैफियत

मनगटी घड्याळांच्या शौकिनांत यांत्रिक क्रोनोग्राफविषयी, म्हणजे कळ दाबून कालावधी मोजता येणाऱ्या घड्याळाविषयी, एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती अशी की हे घड्याळ सदऱ्याच्या बाहीखाली सरकत नाही, मनगटावर उंच उभे राहते, आणि तेवढ्याच व्यासाच्या साध्या घड्याळाशेजारी ठेवले असता बोजड दिसते. तक्रार खरी आहे. परंतु ती जाडी निष्कारण आहे अशी समजूत करून घेऊन, खरेदीच्या वेळी केवळ पातळपणावर भाळणे, किंवा दुरुस्तीच्या वेळी ती एखाद्या मिलिमीटरने कमी करू देणे, या दोन्ही गोष्टी घड्याळाच्या जिवावर बेततात. माझ्या एका घड्याळावर हा प्रसंग गुदरला. त्याची हकीकत, आणि त्या निमित्ताने एका जाणत्या कारागिराकडून जे समजून घेता आले ते, नव्याने या नादास लागणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नमूद करीत आहे.

हाताने चावी देण्याचे एक जुने स्विस क्रोनोग्राफ माझ्यापाशी आहे. यंत्र वालझूचे, म्हणजे ज्या जू खोऱ्यात घड्याळांची कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, तेथील कारखान्याचे. काच अॅक्रिलिकची आणि मधोमध चांगली फुगीर. त्या काचेला तडे गेले, म्हणून ती बदलण्यासाठी घड्याळ एका दुकानी दिले. तेथील दुरुस्ती करणाऱ्यांनी, मला न विचारता पण सद्भावनेनेच, फुगीर काचेच्या जागी सपाट काच बसवली आणि घड्याळ परत देताना, "साहेब, आता कसं बारीक दिसतंय बघा," असे समाधानाने सांगितले. घड्याळ खरोखरच सुबक दिसत होते आणि वेळही बिनचूक दाखवीत होते. क्रोनोग्राफची कळ दाबली की मात्र काही वेळाने ते मागे पडू लागे, कधी पार थांबे; आणि शून्यावर आणणारी दुसरी कळ दाबली असता मधला लांब काटा बाराच्या खुणेवर न येता तिच्या अलीकडेच कोठेतरी थबके. दुकानाचा अभिप्राय असा पडला की यंत्र झिजले असून त्यातले काही भाग नवे घालावे लागतील, आणि त्याचा जो खर्च सांगण्यात आला तो घड्याळाच्या किमतीच्या जवळपास जाणारा होता.

तो खर्च मंजूर करण्यापूर्वी मी घड्याळ पुण्याच्या पेठेतील एका वयोवृद्ध कारागिराकडे नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून यंत्राऐवजी आधी काच तपासली. काचेच्या आतील अंगास, बरोबर मध्यभागी, एक बारीक वर्तुळाकार ओरखडा उमटलेला होता. "यंत्राला काही झालेलं नाही," ते म्हणाले, "काच काट्याच्या डोक्यावर टेकलीय." साध्या घड्याळाच्या मध्यभागी तासाचा, मिनिटाचा आणि फार तर सेकंदाचा काटा असतो. क्रोनोग्राफातही तीनच असतात, पण त्यांतील सर्वांत वरचा काटा वेळ मोजण्यापुरताच फिरतो, क्षणात शून्यावर झेप घेतो, आणि त्याच्या खाली तासकाट्याने तबकडीवरील लहान वर्तुळांतल्या छोट्या काट्यांनाही ओलांडून जायचे असते. म्हणजे तबकडीपासून काचेपर्यंत काट्यांचे तीन किंवा चार थर, आणि प्रत्येक दोहोंमध्ये कोठेही स्पर्श होणार नाही एवढी फट, इतका अवकाश हवाच. जुन्या काचेचा फुगवटा हा त्या अवकाशाचाच एक भाग होता. शोभेसाठी तो ठेवलेला नव्हता.

मी विनंती केल्यावरून त्यांनी यंत्र उतरवून माझ्यासमोर खुले केले, आणि जाडीचा खरा हिशेब तेव्हा नजरेस आला. वेळ दाखवणाऱ्या चक्रांची साखळी, तिला बळ देणारी मेन स्प्रिंग आणि तिचे नियमन करणारा बॅलन्स, एवढे मिळून एक पूर्ण घड्याळ खाली होतेच. त्या साखळीतले चौथे चक्र मिनिटाला एक फेरी करते. त्याची आस मागील पुलाच्या बाहेर वाढवून तिच्यावर आणखी एक दातेरी चक्र बसवलेले असते. कळ दाबली की एक मधले चक्र सरकून त्याचा आणि मध्यभागीच्या क्रोनोग्राफ-चक्राचा संबंध जोडते. या मध्यवर्ती चक्राची लांब आस यंत्राच्या पोकळ आसेतून आरपार तबकडीच्या बाजूस जाते व तिच्या टोकावर तो लांब काटा बसतो. त्याच आसेवर हृदयाच्या आकाराचा एक कॅम असतो, ज्याचे पेटंट आडोल्फ निकोल यांनी १८४४ साली घेतले. हातोडीसारखी तरफ त्याच्या कडेवर कोठेही आदळली तरी तो घसरत घसरत एकाच ठिकाणी येऊन स्थिरावतो. काटा शून्यावर परततो तो यामुळे. मिनिटे मोजणाऱ्या चक्राला आपला स्वतंत्र कॅम, आपली तरफ, आपली अडसर-स्प्रिंग. शिवाय थांबवताना चक्र धरून ठेवणारा ब्रेक, आणि या सगळ्यांना क्रमवार हुकूम देणारे एक केंद्र, ते उभ्या खांबांचे कॉलम व्हील असो की एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांचा कॅम असो. ही सारी मंडळी एकमेकांच्या वरून व खालून सरकतात, म्हणून त्यांना एका पातळीत मांडणे बहुधा अशक्य होते.

याखेरीज एक कारण असे आहे की जे डोळ्यांना दिसत नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. क्रोनोग्राफ सुरू झाला की जास्तीची चक्रे फिरवण्याचा भार मेन स्प्रिंगवर पडतो आणि बॅलन्सचा झोका कमी होतो. तो फार कमी होऊ नये म्हणून स्प्रिंगपाशी शिल्लक बळ असावे लागते. स्प्रिंगचे बळ तिच्या पट्टीच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते आणि पट्टीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात. परंतु पट्टी जाड केली तर त्याच डब्यात तिचे वेढे कमी मावतात व घड्याळ लवकर उतरते. म्हणून निर्धास्त उपाय उरतो तो पट्टी रुंद करण्याचा, आणि पट्टीची रुंदी म्हणजेच स्प्रिंगच्या डब्याची उंची. माझ्या घड्याळात काचेचे घर्षण या शिल्लक बळावर बसले होते. नुसती वेळ दाखवताना लांब काटा स्थिर असल्यामुळे ते जाणवत नसे. कळ दाबताच जाणवे.

हाताच्या हालचालीने आपोआप चावी घेणारे क्रोनोग्राफ आले तेव्हा या सर्वांवर फिरत्या वजनाचा, म्हणजे रोटरचा, आणखी एक थर चढला. १९६९ साली असे यंत्र सिद्ध करण्याची स्पर्धा निकरास पोहोचली होती. झेनिथच्या एल प्रिमेरोने पहिल्यापासून एकसंध आराखडा आखून जाडी ६.५ मिलिमीटरवर ठेवली. ह्यूअर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या भागीदारांच्या कॅलिबर ११ ने तयार घड्याळावर क्रोनोग्राफचा स्वतंत्र संच बसवण्याचा मार्ग घेतला, आणि रोटर अगदी लहान करूनही ती ७.७ मिलिमीटरपर्यंत गेली. तयार यंत्रावर असा संच बसवणे म्हणजे जुन्या घरावर मजला चढवणे. खालच्या भिंती तशाच ठेवायच्या, आणि दोन मजल्यांमधला तक्तपोशीचा खर्च वेगळा. याचे स्वच्छ उदाहरण घड्याळांची यंत्रे बनवणाऱ्या ईटीएच्या यंत्रांत मिळते. त्यांचे २८९२ हे साधे स्वयंचलित यंत्र ३.६ मिलिमीटर जाडीचे. त्यावर क्रोनोग्राफचा संच चढवून होणारे २८९४ भरते ६.१ मिलिमीटर. पुष्कळ घड्याळांत आढळणारे वालझू ७७५०, जे एदमाँ काप्त यांनी १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत आखले, ते एकसंध असूनही ७.९ मिलिमीटर आहे, कारण ते कणखर, दुरुस्तीला सोपे आणि मोठ्या संख्येने स्वस्तात काढण्याजोगे असावे ही त्याची मूळ अट होती. यंत्र आठ मिलिमीटरचे झाल्यावर तबकडी, काटे, काच, पाणी अडवणारी रबरी कडी आणि मागील झाकण मिळून घड्याळ चौदा-पंधरा मिलिमीटरचे होते, यात नवल नाही.

मग पातळ यांत्रिक क्रोनोग्राफ होतच नाहीत काय? होतात, आणि ते पाहिले की मन आदराने भरून येते. फ्रेदेरिक पिगे यांच्या कारखान्याचे ११८५ हे स्वयंचलित यंत्र अवघे ५.५ मिलिमीटर आहे. २०१९ साली बुल्गारीने आणलेल्या क्रोनोग्राफाचे यंत्र तर ३.३ मिलिमीटरचे व संपूर्ण घड्याळ ६.९ मिलिमीटरचे आहे. त्यासाठी रोटर यंत्राच्या वर न ठेवता त्याच्या परिघाभोवती फिरवला आहे. उंचीत जे वाचले ते रुंदीत, कारागिरांच्या वेळात आणि अर्थातच किमतीत भरले गेले आहे, कारण भाग जितके पातळ तितकी त्यांच्या मापातील चुकीला मुभा कमी. शिवाय एकसंध यंत्रासाठी साचे, दाबयंत्रे आणि कटर असा सगळा सरंजाम स्वतंत्र उभारावा लागतो. १९७५ साली एल प्रिमेरोचा हा सरंजाम मोडीत काढण्याचा हुकूम सुटला असता शार्ल व्हेर्मो या कारागिराने तो कारखान्याच्या माळ्यावर गुपचूप लपवून ठेवला आणि म्हणूनच ते यंत्र पुढे पुन्हा निर्माण होऊ शकले. असा सरंजाम एकदा गमावला तर तो नव्याने उभारणे किती दुष्कर, हे त्या एका माणसाने ओळखले होते, याबद्दल मला त्याच्याविषयी कृतज्ञता वाटते.

तेव्हा बेताच्या किमतीत पातळ क्रोनोग्राफ समोर आले, तर ती जाडी कोणत्या मार्गाने वाचली याची खातरजमा केल्यावाचून रक्कम मोजू नये. बहुतेक वेळा आत बॅटरी असते. बॅटरीचे घड्याळ घेण्यात काही गैर नाही, फक्त ते यांत्रिक म्हणून विकले जाऊ नये. नेहमी चालणारा लहान सेकंदकाटा सेकंदाला एकेक उडी मारीत असेल, तर बॅटरी आहे असे समजावे. मधल्या काट्याने शून्यावर झटकन परतणे एवढ्यावर मात्र विसंबू नये. बॅटरीच्या काही यंत्रांतही कॅमची तशीच योजना असते. काही घड्याळांत लहान वर्तुळे नुसती छापलेली असतात आणि कळा कशालाच जोडलेल्या नसतात, म्हणून प्रत्येक कळ प्रत्यक्ष दाबून पाहावी. यांत्रिक असल्याची खात्री पटल्यावर घड्याळ कडेने न्याहाळावे. चावीचे बोंड आणि दोन्ही कळा एका रेषेत नसून बोंड खाली, मागील झाकणाकडे उतरलेले असेल, आणि तारखेची खिडकी खोल गेलेली दिसत असेल, तर तबकडीखाली स्वतंत्र संच बसवला आहे असे मानण्यास हरकत नाही. ते वाईट नव्हे. मात्र पुढे दुरुस्तीला नेल्यावर अनेक ठिकाणी तो संच उघडण्याऐवजी सबंध बदलण्याचा सल्ला मिळतो, हे घेण्यापूर्वीच विचारात घ्यावे.

दुरुस्तीच्या बाबतीत माझे सांगणे अधिक आग्रहाचे आहे. घड्याळ दुकानी देताना पावतीवर काचेचा प्रकार आणि तिचा फुगवटा लिहून घ्यावा, आणि मूळ काच, काटे किंवा मागील झाकण विचारल्यावाचून बदलू नये अशी स्पष्ट नोंद करवावी. मी काचेच्या बाबतीत तशी नोंद मागितली असती, तर दुकानदारांनाही काचेखालची जागा किती मोलाची आहे याचा विचार करावा लागला असता. मागील झाकणाविषयी तितकीच दक्षता हवी. स्वयंचलित क्रोनोग्राफात ते सपाट करून घेतले, किंवा रोटरच्या बेअरिंगला खेळ आला, तर रोटर झाकणावर घासू लागतो आणि तसाच वर्तुळाकार ओरखडा आतल्या बाजूस उमटतो. हा ओरखडा पुढे असो की मागे, कोणी यंत्र झिजले असे सांगितले तर आधी तो आहे की नाही हे भिंगातून दाखवण्यास सांगावे.

घड्याळ परत मिळाल्यावर नुसती वेळ जुळते एवढ्यावर समाधान मानू नये. क्रोनोग्राफ सुरू करून घड्याळ निदान अर्धा तास तबकडी वर करून, मग उभे धरून चालवावे, आणि तेवढ्या अवधीत ते मागे पडत नाही ना हे पाहावे. बाराच्या सुमारास सर्व काटे एकावर एक येतात, तेव्हा बाजूने भिंग लावून त्यांच्यातील फट पाहावी. मग क्रोनोग्राफ थांबवून शून्यावर आणावा, तेही घड्याळ निरनिराळ्या बाजूंना कलवून, आणि काटा दर वेळी त्याच खुणेवर येतो का हे तपासावे. फ्लायबॅक, म्हणजे चालू असतानाच शून्यावर आणण्याची सोय, नसलेल्या घड्याळात क्रोनोग्राफ चालू असताना शून्याची कळ दाबू नये. माझ्या घड्याळाला पुण्याच्या कारागिरांनी जुन्या मापाची फुगीर काच शोधून बसवली. तिचा बाहेरील व्यास आणि मधली उंची त्यांनी व्हर्नियरने मोजून एका चिठ्ठीवर लिहून दिली. ती चिठ्ठी घड्याळाच्या डबीत असते, आणि घड्याळ दुरुस्तीस जाते तेव्हा तीही बरोबर जाते.