इंग्रजीतील निर्धारके आणि एक तार

उत्तरपत्रिका तपासताना लाल शाई सर्वांत जास्त कोठे खर्ची पडते, असे मला कोणी विचारले, तर मी काळांचे किंवा शुद्धलेखनाचे नाव घेणार नाही. ती खर्ची पडते नामाच्या आधीच्या मोकळ्या जागेत. 'आय ॲम स्टुडंट ऑफ धिस कॉलेज', 'ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस', 'माय दॅट फ्रेंड इज कमिंग' ही वाक्ये आपल्या महाविद्यालयात दरवर्षी नव्याने लिहिली जातात. लिहिणारे काही मठ्ठ नसतात. त्यांच्या डोक्यातले मराठी वाक्य अगदी शुद्ध असते. चूक होते ती इंग्रजीच्या उंबरठ्यावर.

नामाच्या आधी येऊन 'कोणता, कोणाचा, किती' हे ठरविणारे जे शब्द, म्हणजे 'अ', 'ॲन', 'द', 'धिस', 'दॅट', 'माय', 'सम', 'एनी', 'ईच', 'एव्हरी', 'फ्यू', 'लिटल', 'मच', 'मेनी' इत्यादी, त्यांना डिटर्मिनर म्हणतात. जुनी व्याकरणे यांतील बहुतेकांना विशेषणांच्याच पंगतीत बसवीत. लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लँग्वेज' या ग्रंथात त्यांचा हा वेगळा वर्ग मांडला. मराठीत आपण त्यांना निर्धारके म्हणू. नियम सांगण्यापूर्वी मात्र मला एक घरगुती हकीकत सांगितली पाहिजे, कारण हा विषय मी वर्गात शिकले नाही, आगगाडीत शिकले.

मी जन्माने बऱ्हाणपूरची. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी उर्दू, अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. इंग्रजी फक्त शाळेत. वडील यंत्रमागांवर जॉबर होते. १९७६ सालच्या पावसाळ्यात त्यांना पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या एका इस्पितळात न्यावे लागले. बरोबर मामा गेले. मी तेव्हा अकरावीत होते आणि घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच.

पाचव्या दिवशी तार आली. तार म्हटली की त्या काळी हातपाय गारच पडत. मी कागद उघडला. 'ऑपरेशन ओव्हर लिटल इम्प्रूव्हमेंट कम', एवढेच शब्द होते.

मी इंग्रजीत कच्ची असते तर बरे झाले असते. 'लिटल' म्हणजे थोडे, 'इम्प्रूव्हमेंट' म्हणजे सुधारणा. थोडी सुधारणा आहे, या, असा अर्थ लावून मोकळी झाले असते. पण पंधराच दिवसांपूर्वी सरांनी आम्हांला बजावून सांगितले होते : 'अ लिटल' म्हणजे थोडेसे, पण नुसते 'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच. तारेत 'अ' नव्हता. मी दोनदा पाहिले, तीनदा पाहिले. आईने विचारले, "काय लिहिलंय गं?" मी म्हटले, "सुधारणा नाही. बोलावलंय."

आईने शेजारच्या भाभींकडून गाडीभाड्याचे पैसे उसने आणले. रात्रीच्या गाडीत आम्ही दोघी बसलो. भुसावळ गेले, मनमाड गेले. आई एक शब्द बोलली नाही. सकाळी इस्पितळात पोहोचलो तर बाबा उशीला टेकून बशीतून चहा पीत होते! मामा म्हणाले, "अहो ताई, थोडी सुधारणा आहे असंच तर कळवलं होतं! आधी लिहिला होता तो 'अ'. पण तारेला शब्दागणिक पैसे. म्हटलं, एका अक्षराच्या शब्दाला कशाला पैसे घालवायचे? काढून टाकला."

आई तेथेच भिंतीला टेकून खाली बसली. मामांवर ती तेव्हा रागावली नाही. रागावली ती बऱ्हाणपूरला परतल्यावर, आणि तीही माझ्यावर.

आता मामांचे चुकले कोठे ते पाहू. त्यांच्या मनात वाक्य होते 'थोडी सुधारणा आहे.' याच्या उलट अर्थ मराठीत कसा सांगतो? 'फारशी सुधारणा नाही.' म्हणजे नकाराचा सारा भार आपण क्रियापदावर टाकतो. 'थोडी' तेथेच राहिली तरी 'आहे' आणि 'नाही' यांत गल्लत होणे शक्य नाही. इंग्रजीत क्रियापद दोन्हीकडे तेच : 'देअर इज अ लिटल इम्प्रूव्हमेंट' आणि 'देअर इज लिटल इम्प्रूव्हमेंट'. होकार-नकाराचा सारा कारभार त्या एकाक्षरी 'अ'कडे. 'फ्यू'चेही तसेच. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर' म्हणणारा खुशीत आहे. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर' म्हणणारा एकाकी आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यू', न मोजता येणाऱ्यांना 'लिटल', एवढाच काय तो दोघांत फरक. ('अ लिटल बॉय' मधला 'लिटल' निराळा, तो 'लहान' या अर्थाचे साधे विशेषण आहे.)

मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत म्हणून आपल्याला निश्चित-अनिश्चित हा भेदच कळत नाही, असे काही जण सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. 'अंगणात गाय आली' म्हणजे कोणाची तरी, कोणती तरी गाय. 'गाय अंगणात आली' म्हणजे आपली, जिची वाट पाहत होतो ती. पहिल्या गायीला इंग्रजीत 'अ काउ' म्हणावे लागेल, दुसरीला 'द काउ'. आपण नुसती जागा बदलून काम भागविले. 'मी मोलकरीण शोधते आहे' आणि 'मी मोलकरणीला शोधते आहे' ही वाक्ये घ्या. पहिलीत कोणीही चालेल. दुसरीत आपली नेहमीची बाई कोठे गेली म्हणून शोध चालला आहे. येथे 'ला' या प्रत्ययाने 'द'चे काम केले.

आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, म्हणून कन्नड विभागातील सहकाऱ्यांकडे चौकशी केली. त्यांच्याकडेही 'द' नाही. पण 'पुस्तक ओदिदे' म्हणजे पुस्तकवाचन केले आणि 'पुस्तकवन्नु ओदिदे' म्हणजे ते अमुक पुस्तक वाचले, असा फरक आहेच. तेव्हा दोन्ही विभागांच्या वाचकांचे दुखणे एकच आणि औषधही एकच. भेद आपल्या मनात असतो. इंग्रजी लिहिताना तो नामाच्या डाव्या हाताला आणून बसवायचा. लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर 'द'. नसेल, आणि वस्तू एक व मोजता येण्यासारखी असेल, तर 'अ'. मोजता येण्यासारखे एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघड्या डोक्याने हिंडत नाही. 'आय ॲम स्टुडंट' चुकते ते याचमुळे. उलट 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज' यांना इंग्रज मोजीत नाही. आपण खुशाल 'एक सल्ला' देतो, त्याला 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' द्यावा लागतो.

आमच्या बऱ्हाणपुरावरून विशेषनामांचा नियम फार सोपा होतो. गावाचे नाव 'बऱ्हाणपूर' एकटे येते, पण नदी 'द ताप्ती', डोंगररांग 'द सातपुडाज' आणि प्रदेश 'द डेक्कन'. शाहजहानची बेगम १६३१ साली आमच्या गावी वारली. तापीपलीकडे जैनाबादेत तिला आधी पुरले, मग आग्र्याला नेले. ती बेगम 'मुमताज महल', तिच्या नावाला 'द' लावायचा नाही. तिच्यासाठी बांधलेली इमारत मात्र 'द ताज महल'. गावाच्या उत्तरेला असीरगड आहे. त्याला 'दक्षिणेचा दरवाजा' म्हणतात. विद्यार्थ्याने निबंधात 'असीरगढ वॉज अ गेट टु द डेक्कन' असे लिहिले तर अनेक दरवाजांपैकी एक झाला. 'द गेट' लिहिले तर तोच एक दरवाजा. अकबराने १६०१ साली तो किल्ला घेतला तो काही 'अ' समजून घेतला नसावा!

'अ' की 'ॲन' हे अक्षरावर नव्हे, कानावर ठरते. 'अ बी.ए. स्टुडंट', पण 'ॲन एम.ए. स्टुडंट', कारण 'एम' चा उच्चार स्वराने सुरू होतो. त्याच न्यायाने आम्ही 'ॲन एम.पी. फॅमिली' आणि आमचे वरचे शेजारी 'अ यू.पी. फॅमिली'. हा 'न' मोठा खोडकर आहे. क्रिकेटमधला 'अंपायर' मुळात 'नंपायर'सारखा काहीसा उच्चारला जाई. 'अ नंपायर' म्हणता म्हणता शब्दाचा 'न' निर्धारकाने पळविला आणि 'ॲन अंपायर' झाले. मूळचा 'ॲन' तरी कोण? जुन्या इंग्रजीतला 'एक'च. म्हणजे आपला 'एक', कन्नडचा 'ओंदु' आणि इंग्रजीचा 'अ' एकाच कामाला निघाले होते. इंग्रजीचा झिजून झिजून एका अक्षराचा झाला आणि सक्तीचा होऊन बसला.

आणखी एक गोष्ट. मराठीत 'माझा तो मित्र' चालतो. दोन निर्धारके शेजारी शेजारी सुखाने नांदतात. इंग्रजीत या जागेवर एकच पाट मांडलेला असतो. 'माय' बसला की 'दॅट' उठला. म्हणून 'दॅट फ्रेंड ऑफ माइन' असा वळसा घ्यावा लागतो. 'ऑल', 'बोथ' आणि 'हाफ' हे मात्र पाटापुढे उभे राहू शकतात : 'ऑल द बुक्स', 'बोथ माय सिस्टर्स', 'हाफ द क्लास'.

कधी कधी निर्धारक न लावणे यालाच अर्थ असतो. बाबा आजारी म्हणून भरती झाले होते, ते 'इन हॉस्पिटल'. मामा त्यांच्या सोबतीला इमारतीत होते, ते 'ॲट द हॉस्पिटल'. आपण रोज शिकायला येता, ते 'टु कॉलेज'. आपले वडील फी भरायला येतात, ते 'टु द कॉलेज'. ज्या कामासाठी ती संस्था आहे त्याच कामासाठी गेलात तर 'द' गळतो. हा ब्रिटिश प्रघात. अमेरिकेत रोगीसुद्धा 'इन द हॉस्पिटल' असतो, पण कॉलेजबाबत दोघांचे एकमत आहे.

बाबा पुढे चांगली बावीस वर्षे जगले. तारा आता राहिल्या नाहीत. २०१३ च्या जुलैत ती सेवाच बंद झाली. पण मामांची दुसरी एक तार माझ्या पेटीत अजून आहे. मी एम.ए. झाले तेव्हाची. अभिनंदनासाठी टपाल कचेरीत तयार वाक्यांचे क्रमांक असत, क्रमांक दिला की कमी पैशांत काम होई. मामांनी ते नाकारले आणि स्वतःचे शब्द लिहिले : 'अ कॉंग्रॅच्युलेशन्स फॉर ॲन एम.ए.'

पहिला 'अ' चूक आहे, कारण पुढचे नाम अनेकवचनी आहे. दुसरा 'ॲन' मात्र बरोबर आहे. दोन्हींचे पैसे मामांनी भरले होते.